विंगेतला आवाज

सगुणाबाई पुन्हा थांबल्या.

शेफालीनं विंगेतून वाक्य वाचलं. सगुणाबाईंनी ते म्हटलं, दोन पावलं पुढं आल्या आणि आता सिद्धनाथ थांबला. तिनं त्याचंही वाक्य वाचलं. समोर खुर्चीत बसलेले आनंदराव घड्याळ बघत होते.

आंबवड्याच्या देवळाच्या पटांगणात भर दुपारी तालीम चालली होती. भोरच्या नाट्यगृहातला पुण्याच्या एका कंपनीचा प्रयोग रद्द झाला होता. रविवार रिकामा पडला. तालुक्यातलंच एखादं नाटक तिथं न्यायचं ठरलं, आणि नाट्यगृहाच्या तारखा आनंदराव बघत असल्यामुळे निवडही त्यांच्याकडे आली. सारोळ्याचं नाटक चार तास चालतं म्हणून त्यांनी बाद केलं. शिवऱ्याचं आवडलं होतं. उरलं हे, धरणात बुडालेल्या गावाचं. शेफालीच्या वडिलांनी, ज्ञानू मास्तरांनी लिहिलेलं.

मास्तर जाऊन महिना झाला होता. आपलं नाटक एकदा तरी भोरच्या रंगमंचावर व्हावं, एवढंच ते मागायचे. शेफालीला आता दुसरं काही सुचत नव्हतं. घरात ती एका जागी बसत नव्हती. पुस्तक उघडायची, मिटायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. कुणी भेटायला आलं तर नुसती मान हलवायची. सगुणाबाई शेळ्या सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या, वाचायला कुणी नाही म्हणाल्या, तेव्हा ती वही घेऊन आली.

हीच वही घेऊन बाबा आठ वर्षं या स्टुलावर बसले. त्याआधी ते स्वतः काम करायचे. अर्धांगवायूनं जीभ जड झाली आणि ते विंगेत आले. शेफाली जत्रेला पुण्याहून यायची, तेव्हा त्यांचा अडखळता आवाज आतून ऐकू यायचा आणि तिला राग यायचा. आजारी माणसाला किती राबवायचं. आठ वर्षांत एक नाटक पाठ होत नाही यांना.

तिसऱ्या अंकात सिद्धनाथ तीनदा थांबला. आनंदराव उठले.

"शिवऱ्याची माणसं एकदाही अडली नाहीत," ते म्हणाले. "शेवटचा प्रवेश वहीशिवाय करून दाखवा. नाहीतर रविवार त्यांना देतो."

संपलं, असं शेफालीला वाटलं. तिनं वही मिटली. सिद्धनाथ एरवी टेम्पो चालवायचा. त्यानं कपाळ पुसलं आणि तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, चढ संपला, आता गाडी उताराला लागली समजा."

प्रवेश सुरू झाला. कुणी थांबलं नाही. पाण्याखाली जाणाऱ्या घराचा निरोप सगुणाबाईंनी एका दमात घेतला. त्यांचं वाक्य संपायच्या आत सिद्धनाथनं पुढचं उचललं. बाबांचा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. आनंदराव कधीच परत खुर्चीत बसले होते. प्रवेश संपल्यावर ते उठले. मग रविवार तुमचा, म्हणाले आणि गाडीकडे गेले.

सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शेफाली तडक सगुणाबाईंपाशी गेली.

"तुम्हाला पाठ होतं? मग आठ वर्षं त्यांना का वाचायला लावलंत?"

सगुणाबाई पायरीवर टेकल्या. पदरानं वारा घेत राहिल्या.

"पाठ तर पयल्या सालापासनं हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनले व्हते, मास्तरांना बोलतं ठेवा, न्हाईतर जीब कायमची जाईल. घरात एकटा मानूस, बोलनार कुनाशी? मग आमीच इसरायला लागलो."

शेफालीही पायरीवर बसली. देवळामागच्या झाडीत कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"आणि आज? आज तर ते नव्हते."

सगुणाबाईंनी तिच्या हातातली वही काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"तू हुतीस की. म्हैना झाला, तुजा आवाज कुनी आयकला न्हवता."