मशीन येतंच आहे तर

वायरमनने मीटरजवळ पक्कड दाबली आणि दिवाणखान्यातला पंखा बंद पडला. चिरंजीव चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले.

"अहो, घराची लाईट नाही. फक्त गॅरेजची तोडायची आहे."

वायरमनने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पाडकामाच्या ठेकेदाराकडे बघितलं, आणि उरलेली वायरही तोडली.

पन्नाशीला टेकलेल्या चिरंजीवांचा पारा चढला. आजचा दिवस त्यांनी मोठ्या शिताफीने जमवून आणला होता. नवी गाडी घेतली होती आणि ती गॅरेजच्या दारातून आत शिरत नव्हती. आई मात्र शिरली होती. वर्षभरापासून तिची खाट, शिवणयंत्र आणि टेबलफॅन तिथेच होते. आईला जिना चढवत नाही, असा शोध सूनबाईंनी लावला होता. आई परवापर्यंत गच्चीवर सगळ्यांचे कपडे वाळत घालत होती, ती गोष्ट वेगळी.

आता गॅरेज पाडायचं, तिथे दोन गाड्यांची शेड टाकायची आणि आईला वृद्धाश्रमात पाठवायचं, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे नवराबायकोने ठरवलं आणि आईला कळवलं. आईने आदळआपट केली नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. तिने फक्त ठेकेदाराचा नंबर मागितला. शिवणयंत्र जपून बाहेर काढायला सांगते, म्हणाली. चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. आपली आई किती समजूतदार आहे, हे त्यांनी त्या संध्याकाळी मित्रांना फोन करकरून सांगितलं.

"अहो, ही माणसं आपल्या बेडरूमची खिडकी काढताहेत," सूनबाई आतून म्हणाल्या.

चिरंजीव वळले. दोन कामगारांनी पुढचं दारही बिजागऱ्यांवरून उचललं होतं आणि ते व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवत होते. फाटकाबाहेर पाडकामाचं मशीन येऊन घरघरत उभं होतं.

"हे काय चाललंय?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

"पद्धतच आहे साहेब. आधी लाईट-पाणी तोडायचं, मग दारं-खिडक्या उतरवायच्या, मग मशीन लावायचं. तुमच्याकडे पाहून घराला दोन दिवस थांबतो. आज गॅरेजच घेतो."

"घराचं काम तुम्हाला दिलं कुणी?"

"तुमच्या आईंनी. मशीन येतंच आहे तर दोन्ही एकदम उरकून टाका, म्हणाल्या. घर त्यांच्याच नावावर आहे. परवानगीही त्यांनीच आणून दिली. मोकळी जागा घ्यायला गिऱ्हाईकसुद्धा तयार आहे." ठेकेदार जरा घुटमळला. "मला वाटलं, घरातल्या घरात बोलणं झालं असेल."

चिरंजीवांनी हातातला कप तिथेच खाली ठेवला. ते तसेच फाटकाकडे धावले.

आई झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पायाशी बॅग होती, बाजूला चादरीत बांधलेलं शिवणयंत्र. वृद्धाश्रमाची गाडी यायची होती आणि तिला कुणाला ताटकळत ठेवायला आवडत नसे.

"आई, अगं, घर पाडायला काढलंस? राहायचं कुठे?"

वर्षभरात त्यांनी आईला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. एरवी ते तिला फक्त सांगत.

आईने पदराने चष्मा पुसला, सावकाश डोळ्यांवर चढवला आणि लेकाकडे मायेने बघितलं.

"माझी सोय तू केलीस, बाळा," ती म्हणाली. "तुमची तेवढी तुम्ही बघा."