शंभरावा माणूस

दुपारी गावातली माणसं मोजणारा सरकारी साहेब यायच्या आत गेर्गिनानं गावातले सहा कागद काढले. सातवा तिच्याच दारावर होता. मयताचा फोटो, नाव, तारीख छापून कागद दाराला लावायचा, तो वाऱ्यापावसानं जाईल तेव्हाच जाऊ द्यायचा, हातानं काढायचा नाही, अशी इथली रीत. तिचा नवरा आसेन फेब्रुवारीत गेला होता.

"ओढ की! जिवंतपणी त्यानं कुठल्या कामाला हात लावला? आता तरी उपयोगी पडू दे," शेजारची विदा आज्जी म्हणाली. तिचे पाय साखरेनं काळे पडत चालले होते. आठवड्यातून दोनदा येणारी नर्स बंद झाली, तर तिचं काही खरं नव्हतं. गाव शंभराच्या खाली गेलं की नर्स बंद, हा नियम सगळ्यांना पाठ होता. जिवंत उरले होते त्र्याण्णव. सरपंच गेर्गिनाच, त्यामुळे हिवाळ्यातली सातही मरणं तिनं वर कळवलीच नव्हती.

तिनं कागद ओढला आणि घडी करून ॲप्रनच्या खिशात कोंबला. नवऱ्याला पुन्हा एकदा पुरल्यासारखं वाटलं.

राजधानीहून, सोफियाहून आलेल्या साहेबानं अंगणातच यादी वाचली. "बरोब्बर शंभर. हा आसेन कुठाय?"

"द्राक्षाच्या मळ्यात," गेर्गिना म्हणाली.

"छान." साहेबानं शिक्का काढला. "म्हणजे तुम्हाला काही नको. आता नवं धोरण आलंय, मागास भागासाठी. शंभराच्या आतल्या गावांना कायमची नर्स, औषधं, गाडी. तुम्ही सुधारलेल्यांत बसता. तुमची नर्सही तिकडेच जाईल."

विदा आज्जीनं आपल्या काळ्या पायांकडं पाहिलं. गेर्गिनाचा हात खिशात गेला. चुरगळलेला कागद तिनं साहेबापुढं धरला.

"मी खोटं बोलले, साहेब. हा मेलाय. माझा नवरा आहे हा. सात जण मेलेत. मला तुरुंगात टाका हवं तर, पण आकडा दुरुस्त करा."

साहेबानं फोटो पाहिला. मग यादीवर सावकाश शिक्का मारला.

"बाई, सकाळपासून हे पाचवं गाव. नव्या धोरणाचं कानावर आलं की तुमच्याकडं माणसं पटापट मरतात."