'ळ' गेला तेव्हा

तिसऱ्या इंजेक्शननंतर रेवतीला सरावाच्या फितीतलं भरभर बोललेलं इंग्रजी स्वच्छ ऐकू येऊ लागलं. परदेशातल्या नर्सच्या नोकरीसाठी ऐकण्याचा तेवढाच पेपर राहिला होता. त्या बदल्यात इंग्रजीत नसलेला एक आवाज तिच्या कानांतून कायमचा जाणार होता. "एका 'ळ'वाचून काय अडतंय गं आई?" संमतीपत्रावर सही करताना ती हसली होती.

कुमुदताईंनी ताट वाढलं आणि पाळण्यापासूनची हाक मारली, "बाळी, जेवायला ये."

रेवती जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा.

शेवटी तिनं वहीतून मान वर केली. "आई, मघापासून कुठल्या बाईला बोलावतेस?"



"कुणाला नाही, रेवती. जेवायला ये."