खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळणं चाललं होतं. खुशालराव मात्र रिकाम्या गोठ्यात जुन्या राजदूत मोटारसायकलला सायलेन्सर बसवत होते. उन्हाळ्यात बैलजोडी विकल्यापासून सुभद्राबाई नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या. अकोल्याच्या भंगारातून आणलेला सायलेन्सर एकदाचा जागेवर बसला. क्लॅम्प आवळून किक मारली. सांध्यातून धूर गळला नाही. आवाज ऐकून सुभद्राबाई पळसाचं पान आणि वाटी घेऊन बाहेर आल्या. खुशालरावांनी घाईनं गाडी बंद केली. “तीस वर्सं भाजीची पोती हिनंच वाह्यली,” त्या म्हणाल्या. “हिचा खांदा कोनता?” खुशालरावांनी मागच्या कॅरिअरवर हात ठेवला. पोत्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर सुभद्राबाईंनी पानानं तूप-हळद चोळली. मग वाटीत उरलेली नवऱ्याच्याही खांद्याला लावली आणि बैलांना दरसाल म्हणायच्या तेच म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”