दर पंधरा मिनिटांनी हाय

"हा प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी आपल्याला हाय का म्हणतो?" धवल सरांनी विचारलं.

सर अंबडच्या या कंपनीत सोमवारीच रुजू झाले होते. पुण्याहून आलेले असल्यामुळे निफाडकडचं मराठी त्यांना इंग्रजी वाटलं.

"ते इंग्रजी हाय नाही, सर," शेखर म्हणाला. "गावाकडचं. आहे म्हणजे हाय. प्रोग्रॅम द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला विचारतो, गारवा आहे का? असला तर हाय. नसला तर नाय."

"कोणी लिहिलंय हे?"

"संजनानं. वर्षापूर्वी हैदराबादला गेली ती."

सरांनी कपाळाला हात लावला. "परवा परदेशी पाहुणे येतायत. संध्याकाळपर्यंत तिथे ओके लिहा. अडलं तर तिला विचारा."

अडण्यासारखं काही नव्हतं. एक शब्द बदलायचा होता. प्रोग्रॅम एलिक्सर नावाच्या फंक्शनल भाषेत होता आणि कंपनीत ती भाषा संजना आणि शेखर या दोघांनाच यायची. आपण ती कंपनीच्या प्रगतीसाठी शिकलो, असं शेखरनं वार्षिक अहवालात लिहिलं होतं. शिकवणारी शेजारच्या खुर्चीत बसायची, हा तपशील रकान्यात मावला नव्हता. या भाषेत एकदा झालेली गोष्ट बदलता येत नाही. फार तर शेजारी नवी करता येते, जुनी आहे तशीच राहते. हे त्याला पहिल्याच दिवशी पटलं होतं. वारंवार करायच्या कामाला तिथं कुणी हाक मारत नाही. काम संपलं की ते स्वतःच स्वतःला चिठ्ठी धाडतं, पंधरा मिनिटांनी ये. मग कुणी बघो न बघो, मागे आपलं चालू राहतं. दिवसाला शहाण्णव हाय. वर्षभर शेखरनं एकही चुकवला नव्हता. रात्रीचे तो सकाळी आल्यावर वाचायचा.

फोन करायला मात्र वर्षभर कारण मिळालं नव्हतं. आज सरांचा हुकूमच होता.

"काय रे, कोल्ड स्टोरेज बसलं काय?" संजनानं पहिल्याच रिंगला उचलून विचारलं.

"नाही गं. तो शब्द बदलायचाय. सरांना ओके पाहिजे."

"मग बदल की. त्यात काय लय मोठं हाय? फाइल उघड."

कितवी ओळ, चिठ्ठी कुठून सुटते, नवा शब्द कुठं घालायचा, परत चालू कसं करायचं, तिनं सगळं सांगितलं. शेखर हूं हूं करत होता. कीबोर्ड त्यानं बाजूला सारून ठेवला होता.

काचेपलीकडून धवल सरांनी खुणेनं विचारलं, झालं? शेखरनं चेहरा पाडून मान हलवली. सरांनीही गंभीरपणे मान हलवली. फंक्शनल भाषा अवघड असते, असं तेही ऐकून होते.

"समजलं का?" संजनानं विचारलं.

"नाही," शेखर म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

तिच्या ऑफिसात कुणीतरी तिला हाक मारत होतं. "अभी नहीं, इधर मुश्किल काम चालू है," असं ती तिकडं म्हणाल्याचं ऐकू आलं. मग दार लावून घेतल्याचा आवाज झाला.

"बरं, फाइल उघड," ती हळू म्हणाली. "आणि घाई नको करू."