बुवांचा टाळकरी
मोहिनीनं घोडा पुढं टाकला आणि वर पाहिलं. तिचे वडील, आबा, पुन्हा समोर बसलेल्या शेफालीच्या खुर्चीमागं जाऊन उभे होते.

भोरच्या मंगल कार्यालयात मुलींच्या बुद्धिबळाची शेवटची फेरी चालली होती. जिंकेल ती पुण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. दोघीही विंझरच्या. शेफाली सावळारामबुवांची लेक. मोहिनीचे आबा बुवांचे टाळकरी. सप्ताहात बुवा कीर्तनाला उभे राहिले, की आबा टाळ घेऊन त्यांच्या पाठीशी. बुवांनी अभंगाची ओळ सोडायची, आबांनी मागनं झेलायची. त्याशिवाय कीर्तनाला रंग कसला?

सकाळी एसटीत आबा म्हणाले होते, "शेफी लई शांत बसती, न्हाई?"

"मग तिलाच घ्या की लेक म्हणून," मोहिनी फणकारली होती. आबा नुसते हसले होते.

आता पंचांनी त्यांना हटकलं. "पाहुणं, जरा लांब." आबा दोन पावलं सरकले, पण शेफालीच्याच मागं. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी उपरणं मुठीत आवळून ताटकळले होते.

कीर्तनात बापाच्या मागं, हितं लेकीच्या मागं! मोहिनीचे कान तापले.

आणि तेवढ्यात तिला दिसलं. हत्ती शेवटच्या घरात नेला, की शेफालीचा राजा कोंडला. मात! ओठांवर आलेलं हसू तिनं कसंबसं आवरलं. वर पाहिलं, तर शेफालीच्या डोक्यावरून आबा हसत होते. अगदी डोळे भरून.

शेफीचं एवढं कौतुक!

मोहिनीनं पटाकडं न बघताच हात घातला. बोटं हत्तीऐवजी वजिराला लागली.

"हात लागला गं," शेफाली हळूच म्हणाली. पंचांनी मान हलवली. हात लागेल ती सोंगटी चालवायची, नियमच तो. मोहिनीच्या राजाची राखण करणारा वजीर हलला आणि पुढच्याच चालीला शेफालीनं मात दिली.

स्टँडवर आल्यावर मोहिनी आबांकडं वळली.

"जिंकली ना तुमची शेफी? सगळा वेळ तिच्याच मागं हुता."

आबांनी गोंधळून उपरणं खांद्यावर टाकलं.

"आगं, जल्म गेला बुवांच्या मागं उभा ऱ्हाऊन. पाठ तेवढी दिसती, तोंड कदी दिसलं न्हाई. म्हनलं, लेकीचं तरी समोरनं बघावं. मधी तू येकदा हसलीस बघ, तवा मलाबी हसू आलं."