हात न लावता

"एवढे दंड कमावलेस ते काय आरशात बघायला? उचल की बाबांना," दादा बहिणीवर खेकसला. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून तो त्यांना काखेत हात घालून पोत्यासारखं ओढायचा, वर उपकाराचा आव आणायचा. आज वडील खुर्चीतून स्वतःच उठू पाहत होते. ती मागे उभी राहिली. हात त्यांच्या काखेखाली, पण न टेकवता. जिममध्ये मैत्रिणी तिच्यामागे अशाच उभ्या राहायच्या. वजनाचा बार छातीजवळ अडला तरी लगेच हात लावायच्या नाहीत. लावला की वजन तिचं राहत नसे. दादा पुढे सरसावला. तिने त्याचं मनगट पकडलं. "लावू नकोस हात. तूच त्यांना लुळं करून ठेवलंयस." वडिलांचे गुडघे थरथरले, पण ते उभे राहिले. "बसा आता, दमलात," दादा पुटपुटला. वडील बसले, पुन्हा खुर्चीचे हात घट्ट धरून लेकीला म्हणाले, "तू मागेच थांब."